आठ दिवस बांधलेलं पोतं

आमच्या उद्यमनगरात भंगारवाल्याला कुणी चांगलं म्हणत नसे, आणि मी तर मुळीच नाही. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या दारातनं काहीही गायब व्हायचं. मोटारीतली तांब्याची तार, पितळी व्हॉल्व्ह, एकदा तर गटारावरचं बिडाचं झाकण. सकाळी चोरीला गेलेला माल संध्याकाळी कुठल्यातरी भट्टीत वितळलेला असायचा. मग बसा बोंबलत. माझी लहानशी फौंड्री होती, बिडाच्या ओतकामाची, त्यामुळं ही बोंब मी बऱ्याचदा मारली आहे.

या सगळ्या बाजारात शिवाजी पेठेतल्या एका बाईचं दुकान तेवढं वेगळं. सगळे तिला आक्का म्हणायचे. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, बौद्ध घरातली. पौर्णिमेला दुकान बंद ठेवून पांढरी साडी नेसून विहारात जायची, बाकीचे दिवस काट्यापाशी उभी. तिचा एकच कायदा होता. पोतं आलं की त्याचं तोंड बांधायचं, विकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं त्यावर खडूनं नाव लिहायचं आणि ते आठ दिवस तसंच ठेवायचं. आठ दिवसांनी पोतं सोडायचं, तेव्हाच पैसे. चोराला आठ दिवस दम धरायला कुठली सवड? तो तिच्या दुकानाकडं फिरकतच नसे.

सुरुवातीला तीही इतरांसारखीच जे येईल ते घ्यायची. एकदा काही न विचारता पितळी नळ घेतले आणि दुसऱ्या दिवशी कळलं, ते तिच्याच नातीच्या शाळेतले. तोवर नळ भट्टीत गेलेले. पोरं आठवडाभर घरनं पाणी घेऊन जात होती. तेव्हापासनं हा कायदा. आक्का ही गोष्ट स्वतः सांगायची, लपवायची नाही. मला त्या वेळी त्याचं काही विशेष वाटत नसे. उलट मी तिची चेष्टा करायचो, "आक्का, भंगार विकताय का लोणचं मुरवताय?"

"मुरू दे की," ती म्हणायची. "चोरीचा माल मुरला की वास येतोय."

एका वर्षी खंडेनवमीच्या तोंडावर कारखाना साफ करायला घेतला. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, म्हणून आदल्या दिवशी कोपरा न् कोपरा झाडायचा, भंगार बाहेर काढायचं. घाई होती. कामगार मशीन पुसत होते, म्हणून पोती मीच भरली, तोंडं बांधली, नाव लिहून टेम्पोनं आक्काकडं टाकून आलो.

दसरा झाला, भट्टी पेटवायची वेळ आली आणि पंपाचा पॅटर्न सापडेना. पॅटर्न म्हणजे अॅल्युमिनियमचा नमुना. त्याच्याभोवती वाळू ठोकूनच साचा निघतो. भंगारात त्याची किंमत चार-पाच किलो धातूएवढीच, पण माझं वर्षाचं काम त्याच्यावर चालायचं. तो शेवटी हाताळला होता आमच्या मामांनी. मामा म्हणजे आमचे जुने मोल्डर, वाळूचे साचे करणारे, कसबा बावड्याचे. मला वाळू ठोकायला त्यांनीच शिकवलं. शेडची किल्लीही त्यांच्याकडंच असायची. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "किल्ली तुमच्याकडं, पॅटर्न तुमच्या हातात. मग गेला कुठं? तुम्हीच विकला असणार."

मामांनी हातातली थापी वाळूवर ठेवली, चपला घातल्या आणि गेले.

मी भंगाराची दुकानं धुंडाळायला लागलो. सगळीकडं एकच उत्तर, आमच्याकडं न्हाय. शेवटी आक्काकडं गेलो आणि बावड्याच्या मामांचं नाव घेऊनच विचारलं, त्यांनी पॅटर्न विकला का म्हणून.

"त्यो माणूस हिकडं आलेला न्हाय," ती म्हणाली. "पण आठ दिवसांतली पोती अजून बांधलेलीच हायत. समदी सोडून बघू."

एकेक पोतं सोडलं. पत्रे, खिळे, सायकलीची चाकं. शेवटी माझी दोन राहिली. मी म्हणालो, "ती असू द्यात, ती माझीच आहेत."

"म्हणून काय झालं? कायदा समद्यांना एकच," असं म्हणत तिनं सुतळी तोडली.

दुसऱ्या पोत्यात, फुटक्या ओतीव तुकड्यांच्या खाली, काळ्या मातीनं माखलेला माझा पॅटर्न होता. पोत्यावर माझंच नाव, माझ्याच अक्षरात. आक्का हसली नाही, टोमणाही मारला नाही. पदरानं पॅटर्न पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता कारखान्यात जाऊ नका. आधी बावड्याला जावा."

त्या बाईबद्दल मी आजही भेटेल त्याला सांगतो. माझा माल तर तिनं वाचवलाच. पण माझ्यासारख्या शहाण्यालाही तिनं सोडलं नाही, याचं मला जास्त वाटतं.

बावड्यात मामा दारातच बसले होते. मी पॅटर्न पुढं धरला. "मामा, माझं चुकलं. माझ्याच पोत्यात होता."

"पोतं कुणी सोडलं?"

"आक्कांनी. मी नको म्हणत होतो."

मामांनी पॅटर्न हातात घेतला. "म्हंजे तुमच्यावर सोडलं असतं तर मी जन्मभर चोरच की, मालक."

"व्हय, मामा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले, पण तासभर उशिरा. त्यांनीच सांगितलं, आधी शिवाजी पेठेत जाऊन आक्काच्या पाया पडून आलो.