एका तारेचा चष्मा

सीताबर्डीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी आणि एक अनोळखी माणूस शेजारी बसलो होतो. माझा लॅपटॉप आत होता, त्याचा कॉम्प्युटर. त्याचा पाय सारखा हलत होता. मांडीवर व्हीआरचा चष्मा, आणि त्याची तार तो बोटाला गुंडाळायचा, सोडायचा.

"पाय नका हलवू भाऊ, लक्ष्मी जाते," मी शेवटी चिडून म्हणालो.

"ते तं कधीचीच गेली," तो हसला.

जत्रेत तो या चष्म्यातून देवीचं दर्शन घडवायचा, त्यानेच सांगितलं. लोक चपला काढून चष्मा चढवायचे आणि हात जोडून थेट प्रदक्षिणाच घालू लागायचे. आधीच्या चष्म्याला तीन तारा होत्या. त्यांत पाय गुंतून एक आजी पडल्या, म्हणून त्याने हा खटपट करून मिळवला. वीज, चित्र, मानेच्या हालचालीचा सिग्नल, सगळं कॉम्प्युटरपासून एकाच तारेतून.

दुकानदार बाहेर आला. "ग्राफिक्स कार्ड जळलं. नवीन कार्डाले हे तार लावायची जागाच नाही. कंपन्यांनी बंद केलं."

"काहून बंद केलं?"

दुकानदार खांदे उडवून आत गेला. चष्मेवाल्याने बोटावरची तार सोडली आणि माझ्याकडे वळला. "तिघींचं काम एकटी करून राहिली होती गा. तिलेच काढलं."

मी वाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला आहे. माझ्या बाजूच्या दोन खुर्च्या दिवाळीपासून रिकाम्या आहेत. परवा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हा एकटा तिघांचं काम करतो." टाळ्या वाजल्या. मीही हसलो. टेबलाखाली माझा पाय हलत होता.