रविवारचा फोन आणि जर्मन गाडी

आमची जर्मन मोटरसायकल बाबांना त्यांच्या साहेबांनी दिली होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात नवीन यंत्र बसवायला कोणी जर्मन इंजिनिअर आला होता. तो परत गेला आणि त्याची गाडी मागे राहिली. या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरत ती शेवटी बाबांकडे आली. बाबा तिथे फिटर होते.

एका सिलिंडरची, अडीचशे सीसीची, काळी गाडी. तिला चेन नव्हती, मागचं चाक लोखंडी दांड्यावर फिरायचं. किल्ली म्हणजे खिळ्यासारखी एक सळी, ती हेडलाइटच्या डोक्यात दाबायची. किक बाहेरच्या अंगाला मारावी लागायची, त्यामुळे बाबा गाडीच्या शेजारी उभं राहून ती चालू करायचे. मग मी टाकीवर, दादा मागे. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही दोघंच भावंडं.

मी दहावीत असताना गिअरबॉक्स आणि दांड्याच्या मधली रबराची चकती फाटली. तळहाताएवढी वस्तू, पण ती कुठेच मिळेना. बाबांनी ट्रकच्या टायरमधून एक कापून घातली, ती आठ दिवसांत गेली. गाडी अंबरनाथच्या आमच्या चाळीच्या जिन्याखाली उभी राहिली.

पुढे दादा आयटीआयमधून फिटर झाला, मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. एका मे महिन्यात दोघांनी मिळून गाडी पूर्ण खोलली. आईच्या जुन्या साडीच्या चिंध्या करून प्रत्येक भागाला बांधल्या आणि त्यावर दादाने पेनने नंबर घातले. इंजिन जिन्याखाली, बाकी सगळं खोक्यांत. तेवढ्यात त्याला कंपनीने यंत्राच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं.

"सहा महिने फक्त," तो म्हणाला. "आलो की जोडू. तू एकटी हात लावू नकोस."

मी हात लावला नाही. दादा जर्मनीतच राहिला. नोकरी केली, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. आई गेली. बाबांनी आणि मी कुळगावला तळमजल्यावर ब्लॉक घेतला, तेव्हा इंजिन आणि खोकी टेम्पोतून आमच्याबरोबर आली. मी एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला होते. दिवसभर व्हर्निअर लावून लोकांच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन बाबांना जेवायला वाढायचं. लग्न केलं नाही. करायचं नाही असं ठरवलंही नव्हतं.

बाबा गेले तेव्हा दादा पोचेपर्यंत दहावा आला होता. तो चार दिवस राहिला. घर माणसांनी भरलेलं. दोघांना एकत्र चहा घ्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. टॅक्सीत बसताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायला गेला, पण टॅक्सीवाल्याने गाडी काढली.

त्यानंतर घरात मी एकटी. एके दिवशी पहिलं खोकं उघडलं. चिंध्यांवरची शाई बरीचशी पुसली होती, पण आईची साडी मला ओळखू आली. मी दादाला फोन केला.

"ती रबराची चकती तुझ्याकडे मिळते का रे?"

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "माप सांग."

तीन आठवड्यांनी चकती आली. सोबत वहीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेलं चित्र, नट कुठल्या बाजूने घालायचे ते दाखवणारं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. त्याची तेव्हा सकाळ असायची. मी फोन स्टुलावर टेकवून ठेवायची आणि काम करायची. तो बघायचा.

"ते बेअरिंग ठोकू नकोस, आधी गरम कर."

"कळतं मला."

"कळतं तर हातोडी कशाला घेतलीस?"

त्याच्या मराठीवर गंज चढला होता. 'पाना' हा शब्द त्याला आठवेना, तेव्हा तो बोटांनी फिरवून दाखवायचा. पण महिनाभरात शब्द परत आले. चाळीतली शिवीसुद्धा परत आली.

जे तिकडूनही मिळालं नाही ते उल्हासनगरच्या एका सिंधी टर्नरकाकांनी बनवून दिलं. कॅम्प तीनमध्ये त्यांचं एका लेथचं दुकान होतं. मी जुना बुश, म्हणजे झिजलेलं धातूचं कडं, आणि माझं ड्रॉइंग पुढे ठेवलं की ते ड्रॉइंग बाजूला सारायचे आणि बुश नखाने चाचपायचे. मला 'अदी' म्हणायचे, म्हणजे बहीण. "अदी, ये जर्मनवाले लोग बहुत प्यार से बनाते थे," असं म्हणत त्यांनी एक बुश तीनदा टाकून चौथ्यांदा बनवला. त्यांचं काम मी व्हर्निअरने मोजलं नाही. आयुष्यात तेवढं एकच काम मी न मोजता पास केलं.

असं दीड वर्ष चाललं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, एका गुरुवारी सुट्टी घेऊन मी वायरिंग संपवलं. शेजारी उभी राहिले, बाबांसारखी. पाचव्या किकला गाडी चालू झाली. इंजिनाचा तो ठोका ऐकून मी पायरीवरच बसले. समोरच्या वहिनी बाहेर आल्या आणि "काय झालं हो ताई?" विचारायला लागल्या. मी नुसतं गाडीकडे बोट दाखवलं.

रविवारी दादाचा फोन आला.

"काय, झालं वायरिंग?"

"झालं," मी म्हणाले. आणि पुढे, काही न ठरवता, "पण चालू होत नाहीये रे. स्पार्कला जोर नाही."

का म्हणाले? फोनवर तो खुर्ची पुढे ओढून बसला होता. मला एवढंच दिसलं, की गाडी चालू झाली की पुढच्या रविवारी बोलायला काही उरणार नाही. सणाला मेसेज येईल, वाढदिवसाला येईल.

मग खोट्याला खोटं जोडत गेले. त्याने पॉइंट साफ करायला सांगितले, मी केले म्हणून सांगितलं. त्याने कॉइल पाठवली, मग कंडेन्सर पाठवला. तिकडच्या कुणा म्हाताऱ्या मेकॅनिकच्या घरी जाऊन तासभर माहिती विचारून आला. ती पार्सलं मी न उघडता कपाटात ठेवली. आणि दर शनिवारी पहाटे मीच गाडी काढून बदलापूर गावापर्यंत, उल्हास नदीच्या पुलावरून फिरून यायची. परत आल्यावर चोरासारखी तिच्यावर चादर घालायची.

डिसेंबरमध्ये तो एकदम म्हणाला, "फोनवर नाही कळणार हे. मी येतो नाताळच्या सुट्टीत."

तो आला. केस पूर्ण पांढरे, गुडघा दुखतो म्हणून जरा तिरका चालत. चहासुद्धा न घेता पार्किंगमध्ये गेला. चादर काढली. टाकीवरून हात फिरवला, चाकं बघितली, मग खाली वाकला तो वाकूनच राहिला. इंजिनातून निघणारा सायलेन्सरचा पाइप मी नवा क्रोम करून घेतला होता. इंजिन तापलं की तिथे क्रोमला रंग चढतो. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पाइप निळा झालाय," तो म्हणाला.

मी खाली पडलेली चादर उचलून तिची घडी घालायला लागले.

"कधीपासून चालते?"

"गणपतीपासून."

तो उठला नाही. तिथेच जमिनीवर बसला. मी त्याच्यासमोर बसले. आम्ही पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, चांगल्या कपड्यांत, ऑइलच्या डागावर.

"मला नुसतं ये म्हणायचंस ना," तो म्हणाला.

"म्हटलं असतं तर आला असतास?"

त्याने जमिनीवरचा ऑइलचा डाग बोटाने घासला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, तू चिडलेली आहेस माझ्यावर. बाबांच्या वेळी मी लवकर नाही पोचलो म्हणून."

"होतेच चिडलेली."

"अजून?"

"माहीत नाही."

मग त्याने किक मारली. दुसरीलाच चालू झाली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात धरून हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

बारा दिवस तो राहिला. रोज सकाळी आम्ही बारवी धरणाच्या रस्त्याला जायचो, जाताना तो चालवायचा, येताना मी. एकदा अंबरनाथला चाळ बघायला गेलो, तिथे आता उंच इमारत आहे. वॉचमनने आत सोडलं नाही. आम्ही गेटबाहेर उभे राहून जिना कुठे होता यावर भांडलो.

तो गेल्यावर रविवारचे फोन खरंच कमी झाले. मला जे वाटलं होतं ते झालं, आणि त्याचा त्रासही वाटला होता तेवढाच झाला. गाडीचं काही काम उरलेलं नाही. मी तिला पुसते, फिरवून आणते.

परवा मात्र बुधवारीच त्याचा फोन आला. व्हिडिओ नव्हता.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही. ट्रामची वाट बघतोय."

मी फोन कानाला लावून पायरीवर बसले. पलीकडे ट्रामची घंटा वाजली, दारं उघडली, मिटली. त्याचा श्वास तसाच ऐकू येत राहिला. तो चढला नव्हता.