एकसष्ट वजा

जनावरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. खिडकीशी बसायचं आणि लिहायचं: जनावराचं नाव, मालकाचं नाव, तक्रार काय आणि वजन किती. पहिल्या तीन गोष्टी मालकच सांगतात, न विचारता घरातली भांडणंही सांगतात. वजन सांगायचे ते मामा.

मामा म्हणजे आमच्या दवाखान्यातले मदतनीस. नेमके कुणाचे मामा, कुणास ठाऊक. मी आले तेव्हाही ते मामाच होते. मोठ्या कुत्र्यांना उभं करायचा काटा कधीचा बंद पडलाय. तो दुरुस्त करा म्हणून मी नऊ अर्ज केले, नवव्याला तर नुसती तारीख बदलली. उरला माणसांचा छोटा चौकोनी काटा. त्यावर कुत्रं कसलं उभं राहतंय! दोन पाय आत, दोन बाहेर, आणि मालकाचा आरडाओरडा. मामांनी त्यावर उपाय काढला होता. कुत्रं उचलून छातीशी धरायचं, काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं. मामांचं वजन एकसष्ट.

"पंच्याऐंशी. एकसष्ट वजा, चोवीस. लिहा बाई, चोवीस."

भल्याभल्यांना चावलेली कुत्रीही मामांच्या हातात मेंढरासारखी गप्प व्हायची. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

मामांची एकच गोष्ट मला खपत नसे, ती म्हणजे तंबाखू. मी बोलून थकले होते. मग त्यांना नात झाली आणि मुलीनं बजावलं की ते तोंड घेऊन बाळाजवळ यायचं नाही. चाळीस वर्षांची सवय माणसानं एका दिवसात सोडली. महिनाभरही टिकणार नाहीत अशी माझी खात्री होती. टिकले. पण तोंडाला चाळा हवाच, म्हणून बिस्किटं आली, शेंगदाणे आले, माझ्या डब्यातली अर्धी पोळीही त्यांच्याकडे जायला लागली. आठ महिन्यांत मामांना चांगलं पोट सुटलं.

"मामा, कितवा महिना?" मी विचारायची. सगळे हसायचे, मामा सगळ्यात जास्त. शर्टाचं खालचं बटण लागेनासं झालं. खाकी पँट तर दोनदा सैल करून आणली.

पँट सैल करून देणाऱ्या टेलरताई मागच्याच गल्लीत राहतात. एक खोली, एक शिलाई मशीन, गळ्यात कायमची टेप, आणि अस्वल. अस्वल म्हणजे त्यांचा कुत्रा. इतका केसाळ की पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, ते चालायला लागल्यावर कळावं. तो भिजला की दोन दिवस वाळत नाही, म्हणून ताईंनी त्याला छत्रीच्या कापडाचा रेनकोट शिवला होता. नऊ वर्षं दोघंच एकमेकांना होती.

अस्वलाला अधूनमधून उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा ताई त्याला घेऊन आल्या. आणि येतच राहिल्या. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "हा वाळतोय हो. रेनकोट पोटाशी ढिला व्हायला लागलाय."

मामांनी अस्वलाला उचललं. "पंच्याऐंशी. एकसष्ट वजा, चोवीस. मागच्या वेळीही चोवीसच होता की, ताई! काटा कशाला खोटं बोलेल?"

केसांच्या त्या ढिगात हाताला काय लागणार? वजन कायम आहे म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी पोटाचं औषध दिलं आणि पथ्याचं खाणं सांगितलं. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा उलट्या. पुढच्या महिन्यात चोवीस. त्याच्या पुढच्या महिन्यात साडेतेवीस, मग परत चोवीस. ताईंनी आणखी एकदा रेनकोटाचा विषय काढला आणि स्वतःच मागे घेतला. "टेप जुनी झालीय माझी. ताणली गेली असेल."

मग एका सकाळी त्या अस्वलाला चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. शी डांबरासारखी काळी होत होती. डॉक्टरीणबाईंनी या वेळी नीट दाबून पाहिलं आणि त्यांचा हात एका जागी थांबला. "सोनोग्राफी करू. गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागेल, वजन घ्या." ताई बाहेर बाकावर जाऊन बसल्या, त्यांना बघवेना.

त्या दिवशी अस्वलात हलायचं बळ नव्हतं, म्हणून मामांनी त्याला नुसतंच काट्यावर ठेवलं. तो पाय पोटाशी घेऊन तसाच बसून राहिला. आकडा आला एकोणीस.

"काटा बिघडला," मामा म्हणाले. अस्वलाला टेबलावर ठेवून खात्री करायला ते स्वतः काट्यावर चढले.

सहासष्ट.

मामा उतरले आणि पुन्हा चढले. पुन्हा सहासष्ट. आठ महिने मी ज्या पोटावरून विनोद करत होते, ते अस्वलाच्या खात्यात जमा होत होतं. मागचे केसपेपर काढले, तर ओळीनं चोवीस, चोवीस, साडेतेवीस, चोवीस, सगळे माझ्या अक्षरात. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

सोनोग्राफीत आतड्यात गाठ दिसली. कॅन्सरच, लिव्हरपर्यंत पोचलेला. मामांनी विचारलं, "आधी कळलं असतं तर?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलत नाहीत. "वजन उतरताना दिसलं असतं तर चार महिन्यांपूर्वीच सोनोग्राफी केली असती. आतड्याचा तेवढा तुकडा कदाचित काढता आला असता. कदाचित, मामा. हा आजार फार लबाड असतो. आता हे सांगून ताईंना काय मिळणार? औषधावर जेवढे दिवस सुखाचे जातील तेवढे जाऊ द्या."

मीही तेच म्हटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मामा." माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती आणि अक्षर माझं होतं. उगाच चांगुलपणाचा आव कशाला आणू?

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर जाऊन ते बाकाशी उभे राहिले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"ताई, त्याच्या पोटात गाठ आहे. ती आधीच कळली असती, पण माझी चूक झाली. मी जाड होत गेलो आणि हा वाळत गेला. मी आपला एकसष्टच वजा करत बसलो. तुम्ही सांगत होता, तर मी तुम्हालाच खोटं पाडलं."

ताई बराच वेळ गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वीस वर्षांची टेप फेकून दिली मी," त्या म्हणाल्या. "नवी आणली. तिनंही तेवढंच माप दाखवलं, तर म्हटलं दुकानदारानं फसवलं." मग त्यांनी मामांच्या पँटकडे पाहिलं. "गेल्या महिन्यात ही दोन इंच सोडली मी. त्याच आठवड्यात त्याचा रेनकोट दोन इंच आवळला. त्याच मशिनवर, मामा. माझ्या हातातून गेलं हो दोन्ही."

मामा खाली जमिनीवरच बसले आणि रडले. ताई रडल्या नाहीत. अस्वल गुंगीतून जागा झाल्यावर त्याला चादरीत घेऊन त्या निघून गेल्या.

पुढचे पंधरा दिवस मामांनी एकाही कुत्र्याला उचललं नाही. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर उचलायच्या आणि ओरखडे काढून घ्यायच्या. बिस्किटंही बंद झाली. माझी अर्धी पोळी डब्यात तशीच घरी जायला लागली.

मग ताई आल्या, दुखणं कमी करायच्या औषधाचा डोस ठरवायला. अस्वलाचे डोळे तेवढे पहिल्यासारखे होते. मामा भिंतीशी सरकले. "सिस्टरना बोलावतो."

"तुम्हीच घ्या," ताई म्हणाल्या. "त्याला तुमच्याच हाताची सवय आहे. पण आधी एकटे उभे राहा."

मामा काट्यावर उभे राहिले. ताईंनी वाकून आकडा वाचला. "पासष्ट." मग अस्वलाला त्यांच्या हातात दिलं. त्यानं डोकं मामांच्या खांद्यावर टाकलं. ताई पुन्हा वाकल्या. "त्र्याऐंशी."

मामांच्या तोंडून वजाबाकी निघेना. ताईंनी क्षणभर वाट पाहिली आणि माझ्या खिडकीकडे वळल्या.

"लिहा बाई, अठरा."

मी लिहिलं. अस्वलाला परत घ्यायला ताईंनी हात पुढे केले नाहीत. मामा त्याला तसंच घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे निघाले आणि ताई रिकाम्या हातांनी त्यांच्यामागून गेल्या.