सरांनी न खाल्लेली लाथ

मी आजवर ज्यांना लाथा मारल्यात त्यांत माझा सासरा आहे, एक माजी नगरसेवक आहे, अंबडच्या कंपनीतला माझा सुपरवायझर आहे आणि नाशिकच्या जेलरोडची आमची निम्मी कॉलनी आहे. सगळ्यांनी हात जोडून मारून घेतल्या. सुपरवायझर तर जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या टेबलामागे येऊन म्हणाला, "मॅडम, जरा जोरात." असं सुख किती बायकांच्या नशिबात असतं, सांगा!

कारण मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. पायाळू माणसाची लाथ बसली की कंबरेत भरलेली उसण जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. माझं माहेर वणीच्या बाजूचं. तिकडे ढग गडगडले की आई मला धान्याच्या कणगीमागे दडवायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. विहीर खणायच्या आधी मला शेतातून फिरवायचे, कारण पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं म्हणे. मी बोट दाखवलं तिथे खाली नुसता कातळ लागला. तरी कुणाचा विश्वास उडाला नाही. पाणी होतं, पण पोरगी रुसली होती, असं ठरलं.

आणि अशा बाईला नवरा कोण मिळावा? जयराम पगारे, विज्ञानाचे मास्तर! लग्नपत्रिकेतल्या चुका लाल पेनाने सुधारून पत्रिका परत पाठवणारा माणूस. भाजीवाल्याने "मेथी आज महाग आहे" म्हटलं तर हा विचारणार, "का?" मी त्यांना चारचौघांत सरच म्हणते. घरात काय म्हणते ते इथे नको.

रविवारी सकाळी, चहाच्या आधी, आमच्या दारात रांग लागते. ज्याला उसण भरली त्याने उंबऱ्यावर पाठमोरं उभं राहायचं, मी डाव्या पायाने लाथ घालायची, त्याने मागे वळून न बघता घरी जायचं. पैसे नाहीत, नारळ नाही, काही नाही. आणि हे सगळं चालू असताना आमचे सर खिडकीत उभे राहून रांगेला भाषण देणार. "उसण तीन दिवसांत आपोआप जाते. तुम्ही लाथ खा नाहीतर जिलबी खा."

"मंग जिलबी तुमी द्या," शेजारच्या सखुबाई म्हणायच्या. "लाथ बाई देतीन."

एकदा याच सखुबाईंनी त्यांना फारच डिवचलं. तेव्हा सर सगळ्या कॉलनीच्या देखत गरजले, "ज्या दिवशी मी ही लाथ खाईन, त्या दिवशी खडू खाली ठेवीन! शिकवणं बंद!" झालं. कॉलनीने ते वाक्य जपून ठेवलं. आणि आमचा माणूस असा, की बोलला म्हणजे करणारच.

मागच्या वर्षी सरांच्या पोटाचा घेर वाढला, म्हणून आमच्या मुलाने, सुयशने, त्यांना आपल्याबरोबर जिममध्ये नेलं. तिथे जमिनीवरून वजनाचा दांडा उचलायचा होता. ट्रेनर पोरगा म्हणाला, "सर, पाठ सरळ, गुडघ्यात वाका." सर म्हणाले, "तरफेचा नियम तू मला शिकवू नकोस." पाय सरळ ठेवले, कमरेतून वाकले आणि नियमाप्रमाणे दांडा उचलला. सुयश सांगतो, दांडा वीतभर वर आला आणि सर तिथेच राहिले. कमरेत वाकलेले, हातात दांडा, तोंडातून शब्द नाही. दोघांनी दांडा काढून घेतला तरी सर त्याच आकारात. तसेच त्यांना रिक्षात घालून घरी आणलं.

मणक्यातली गादी सरकून नस दबली, असं निघालं. कमरेतून कळ निघायची ती मांडीतून, पोटरीतून थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. उभं राहता यायचं, आडवं होता यायचं, पण बसणं म्हणजे मरण. सर फ्रिजवर ताट ठेवून उभ्याने जेवायला लागले. कपाटावर गठ्ठा ठेवून पेपर तपासायला लागले. शाळेत जाताना शेअर रिक्षाच्या सीटवर गुडघे टेकून, मागे तोंड करून उभे राहायचे. मागून येणारा प्रत्येक गाडीवाला समजायचा, सर आपल्याकडेच बघतायत. जेलरोडपासून बिटको चौकापर्यंत लोक त्यांना "जयभीम सर" करत यायचे आणि सर प्रत्येकाला हात वर करून उत्तर द्यायचे. एखाद्या मिरवणुकीतला पुढारी परवडला!

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, व्यायाम करा, मणक्याला धक्का लागू देऊ नका. व्यायाम शिकवायला जी तृप्ती होती ती निघाली सरांचीच जुनी विद्यार्थिनी. म्हणजे तिचं ऐकायचं नाही, हे ठरलेलंच. ती म्हणाली, पालथं झोपा, हातांवर जोर देऊन छाती उचला, कंबर जमिनीलाच राहू द्या. सरांनी घरी येऊन त्यात सुधारणा केली. छाती जमिनीला आणि कंबर वर. "बल विरुद्ध दिशेने लागलं पाहिजे," म्हणे. रोज सकाळी हे असं चालायचं आणि रोज कळ तशीच. महिने गेले.

इकडे कॉलनीत माझी अब्रू जायला लागली. "बाईंच्या पायात आता दम राहिला नाय वाटतं," सखुबाई म्हणाल्या. "घरचंच माणूस वाकडं हाय." मी मनात म्हणत होते, येईल, एक दिवस हा माणूस उंबऱ्यावर येईल. त्या दिवशी मी हलगी लावीन.

आणि तो दिवस आला. सर दुपारीच शाळेतून आले. मी भाकरी थापत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून म्हणाले, "आज फळ्यावर लिहिताना खडू पडला. मला उचलता येईना. पोरांनी उचलून दिला."

"मग?"

"कुणी हसलं नाही गं." ते म्हणाले. "नेहमी हसतात. आज सगळे गप्प बसले."

मग त्यांनी जाऊन दाराला कडी घातली, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "मार."

"काय मारू?"

"लाथ. आणि कुणाला सांगू नकोस."

बाई गं! इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर उभं होतं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एका बाजूला कललेली ती पाठ. मी पदर खोचला. पण पाय उचलेना. खरं सांगते, सुपरवायझरला मारताना सहज उचलला होता, सासऱ्यांना मारताना उचलला होता, आणि इथे जमिनीला चिकटल्यासारखा झाला.

"नाही मारणार," मी म्हणाले.

"का?" विचारणारच!

"का म्हणजे? डॉक्टरांनी धक्का नको सांगितलंय म्हणून! आणि उद्या तुम्ही खरंच खडू ठेवाल म्हणून! ओळखत नाही का मी तुम्हाला? मग दिवसभर घरात काय करणार? बसता तर येत नाही, उभे राहून माझं डोकं खाणार! माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही तरी चालेल, पण तुम्ही ठेवू नका. तुम्हीच वाकलात तर मी भांडायचं कुणाशी?" आणि मला रडूच कोसळलं. पिठाच्या हातांनी डोळे पुसले, तोंड सगळं पांढरं.

सरांनी खिशातला रुमाल माझ्या हातात दिला. मग एवढंच म्हणाले, "तृप्तीला फोन लाव."

तृप्तीने फोनवर पहिल्यापासून सांगितलं. सर पालथे झोपले, छाती उचलली, पण कंबर सवयीने वर. ती म्हणाली, कुणीतरी हलकं धरा. मला वाकवेना, सकाळची शिफ्ट करून आलेली मी. "पाय ठेवला तर चालेल का गं?" विचारलं. "चालेल काकू, नुसता टेकवा, दाब नको." मी डावा पाय त्यांच्या कमरेवर टेकवला. कंबर खाली राहिली. सर वर झाले, खाली झाले. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांनी कुणाचं म्हणणं सुधारणा न करता ऐकलं.

आणि नेमक्या तेव्हाच सखुबाई विरजण मागायला मागच्या खिडकीशी आल्या. त्यांना दिसलं काय? सर जमिनीवर पालथे आणि माझा पाय त्यांच्या पाठीत! वाटी खिडकीतच टाकून बाई पसार. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीत झालं: सरांनी लाथ खाल्ली!

रोज व्यायाम, रोज माझा पाय. कळ अंगठ्यातून पोटरीवर आली, पोटरीवरून मांडीत, आणि एका दुपारी सर खुर्चीवर बसले. उठले, परत बसले. हसत होते वेड्यासारखे. पण कॉलनीत माझ्या नावाचा डंका. पुढच्या रविवारी एकलहऱ्याहून टेम्पो भरून माणसं आली. आणि जो येईल तो विचारायचा, "सर, खडू कधी ठेवताय?" शाळेतही पोहोचलं. पोरांनी विचारलं म्हणे.

सरांचं जेवण कमी झालं. एकदा मलाच म्हणाले, "पाय लागला तर होताच. लाथ म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला पाहिजे."

"ठरवा," मी म्हटलं. पण मला भीती वाटली. हा माणूस स्वतःविरुद्ध निकाल देऊन मोकळा होणारा.

रविवारी रांग गेटबाहेर गेली होती. सखुबाई पहिल्या, कमरेवर हात ठेवून. मी ठरवलंच होतं. उंबऱ्यावर उभी राहून ओरडले, "ऐका! मी सरांना लाथ मारलेली नाही! ते व्यायामाने बरे झालेत!"

"बघा, एवढा गुण हाय पण गर्व नाय," सखुबाई मागे वळून म्हणाल्या. रांगेने माना डोलावल्या. आता काय डोकं आपटू!

तेवढ्यात सर बाहेर आले. जरा लंगडत, पण सरळ. मला वाटलं, आता परत 'उसण तीन दिवसांत जाते'चं भाषण. पण भाषण आलं नाही.

"मी मागितली होती," ते म्हणाले. "लाथ. दाराला कडी घालून मागितली होती. हिने मारली नाही. हिने मारली नाही, म्हणून मी अजून मास्तर आहे."

मी पदराचं टोक चावत उभी राहिले. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याबद्दल चारचौघांत चांगला शब्द काढला नव्हता.

सखुबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्या वळल्या, उंबऱ्यावर पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता मला मारा, लय दुखतंय."

मी सरांकडे बघितलं. सरांनी सखुबाईंच्या पाठीकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं.

"म्हातारी आहे," ते म्हणाले. "नुसता टेकव."