दुपारची धडधड

कापडाच्या दुकानात तळाचे एक थान ओढले की वरची चार आपोआप अंगावर येतात. आमच्या बैठकीतल्या किश्शांचेही तसेच आहे. एक सांगायला घ्यावा, तर उरलेले रांग न लावताच कोसळतात.

दाजीबानपेठेत अण्णांचे कापडाचे दुकान आहे. संध्याकाळी तिथल्या गादीवर आम्ही तिघे जमतो: स्वतः अण्णा, धारवाडचे एक वकीलसाहेब, आणि संस्कृत-मराठी शिकवून निवृत्त झालेला मी, रायापूरहून बसने येणारा. वयाखेरीज आमच्यात एकच गोष्ट समान आहे. दुपारी जेवल्यावर डोळा लागतो आणि जाग येते ती छातीत घोडा उधळल्यासारखी!

*

या प्रकाराला म्हणावे काय, यावर पहिल्याच दिवशी वाद झाला.

"पॅल्पिटेशन," वकीलसाहेब म्हणाले.

मी म्हणालो, आपल्या छातीत परकी भाषा कशाला? 'धडधड' म्हणावे, तर ती पिठाच्या गिरणीचीही होते. 'धसका' भीतीचा असतो. 'दचकणे' क्षणात संपते. 'हृत्कंप' अर्थाला नेमका, पण तो उच्चारतानाच दम लागतो.

मी असा एकेक शब्द तोलत असताना, त्या दिवशी उशिरा डोळा लागून नुकतेच उठलेले अण्णा छातीवरचा हात काढून म्हणाले, "सर, तुमचा शब्द सापडेपर्यंत माझी थांबली की!"

"काय थांबली?" वकीलसाहेब ताडकन उठले.

"धडधड हो!"

*

वकीलसाहेबांना एकदा असेच दचकून जाग आली, आणि खिडकीतले कलते ऊन त्यांना सकाळचे वाटले. कोट चढवला, गळ्याला पांढरी पट्टी बांधली, फाइल काखेत मारली. एका पायात बूट घालून ते दारात पोहोचले, तेव्हा वहिनींनी विचारले, "अहो, निघालात कुठे?"

"कोर्टात! उशीर झाला!"

"सकाळीच तर हरून आलात की!"

वकीलसाहेबांनी शांतपणे दुसरा बूट घातला. म्हणाले, "मग अपिलाला!"

*

माझेही सांगतो. मी झोपेत परीक्षेच्या वर्गावर देखरेख करीत होतो. तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "पेपर! पेपर!" काळीज घशाशी आले. खिडकीत धावलो आणि गरजलो, "कुणीही उठायचं नाही! अजून पाच मिनिटं आहेत!"

खाली रद्दीवाला. तराजू जमिनीवर ठेवून तो मान तिरकी करीत अत्यंत समजूतदारपणे म्हणाला, "आगली सर, सावकाश कोड्री!" म्हणजे, असू द्या सर, सावकाश द्या!

*

हसणे इथवर. पुढच्या प्रकाराने अण्णांच्या गादीवरच गदा आणली.

दुपारी अण्णा लोडाला टेकून गाढ झोपले होते. दारात गिऱ्हाईक आलेले पाहून समोरच्या दुकानदाराने कन्नडमध्ये हाक मारली, "अण्णा, एळ्री!" उठा! अण्णा दचकले, छातीवर हात दाबला आणि त्याच भाषेत ओरडले, "एद्दे, एद्दे!" कन्नडमध्ये 'एद्दे' म्हणजे 'उठलो'. समोरच्याने ऐकले 'एदे', म्हणजे 'छाती'. तो अनवाणी धावत आला, अण्णांना रिक्षात घातले आणि थेट दवाखाना गाठला!

एका 'द'चे द्वित्व न ऐकल्याने माणूस दवाखान्यात पोहोचल्याचे हे माझ्या माहितीतले एकमेव उदाहरण.

डॉक्टर म्हणाले, "काळीज ठणठणीत आहे. भरल्या पोटी गाढ झोपेतून असं उठवलं, तर माझंही धडधडेल."

पण अण्णांचा मुलगा महेश ऐकेना. "आता दुकान मी बघतो. सोमवारपासून तुम्ही उणकलच्या घरी राहायचं. तळ्याकाठी फिरा, आराम करा."

अण्णा घडी घातलेल्याच कापडाची पुन्हा घडी घालीत बसले. म्हणाले, "तळ्याकाठी मी काय मोजू रे?"



*

शनिवार हा अण्णांचा गादीवरचा शेवटचा दिवस, म्हणून मी आणि वकीलसाहेब दुपारीच गेलो. अण्णा झोपले होते. महेश लग्नाच्या गिऱ्हाइकासाठी सुटाचे कापड मोजत होता. थान भारी किमतीचे आणि एकच. नवरदेवाच्या सगळ्या मामांना त्यातूनच एकसारखे तुकडे फाडायचे होते.

अण्णांच्या दुकानात मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिला मीटर 'लाभ', मग दोन, तीन. ही रीत अण्णांच्या वडिलांपासूनची. महेशला ती जुनाट वाटे. तो आपला 'एक'पासूनच मोजी. त्या दिवशी मात्र, वडिलांचा शेवटचा शनिवार म्हणून, त्याने मोठ्या मायेने सुरुवात केली, "लाभ..." आणि हात पुढे सरकताच जिभेची सवय बोलली, "एक... दोन... तीन..."

म्हणजे प्रत्येक मामाला एक मीटर फुकट, आणि शेवटच्या मामाला कापडच नाही! आम्हां दोघांच्या ध्यानात काही आले नाही. खरे म्हणजे महेशच्याही नाही. त्याने कात्री उघडली.

तोच अण्णा ताडकन उठून बसले. डोळे मिटलेलेच, हात छातीवर, आणि आवाज पेठेच्या टोकापर्यंत जावा असा:

"लाभानंतर दोन!"

कात्री हवेतच राहिली. महेश ती टाकून धावला, "अण्णा! छाती?"

अण्णांनी डोळे उघडले आणि आपला हात त्याच्या छातीवर ठेवला. "माझी ठीक आहे रे. तुझीच बघ केवढी धडधडतेय!"

सोमवारी दुपारी आम्ही भीतभीतच पेठेत शिरलो. अण्णा गादीवर टक्क जागे होते, आणि महेश त्यांच्या पाठीमागचा लोड थोपटून सारखा करीत होता.

"अण्णा, झोपा की लवकर!" तो कानाशी कुजबुजला. "लग्नाचं गिऱ्हाईक आलंय!"