भरल्याशिवाय न हलणारी जीप

ब्रह्मपुरीहून गावाकडे येताना ती सुकी मासळी विकणारी बाई जीपमध्ये रोज दिसायची. टोपली मांडीवर, तोंडातून शब्द नाही.

एकदा ड्रायव्हरनं दवाखान्यातून परतणाऱ्या म्हातारीला पुढच्या सीटवरून उतरवलं आणि तिथं एका साहेबाला बसवलं. मी ड्रायव्हरची कॉलरच धरली.

बाई म्हणाली, "भाऊ, त्याले मारून आजीले जागा भेटन काय?"

आणि टोपली घेऊन ती म्हातारीजवळ जाऊन उभी राहिली. मग आम्ही सगळेच उतरलो. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय हलत नाही. साहेब एकटेच आत, घामाघूम.

शेवटी ड्रायव्हरनंच म्हातारीला हात धरून पुढं बसवलं. साहेबांना मागं, बाईशेजारी जागा मिळाली. दाटी फार होती, म्हणून त्या दिवशी टोपली साहेबांच्या मांडीवर!