गोदूमावशीने हलवलेली रोपं

१९८८ साल असावं. बोईसरला नवापूर रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळची नेहमीची गडबड चालली होती. हे पहिल्या पाळीला गेलेले. माझ्या लेकीची, हंसाची, एक वेणी झालेली, दुसऱ्या बाजूचे केस तिने फणीसकट मुठीत धरलेले, आणि दूध उतू जायच्या बेतात. तेवढ्यात कडी वाजली.

दारात आमच्या समितीचा राखणदार आत्माराम. त्याच्या मागे गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखलेली, कमरेवर टोपली घेतलेली एक म्हातारी.

"वहिनी, चोर पकडला."

"चोर तुजा बापूस," म्हातारी मागूनच म्हणाली. मग मला, "पाय पुसाया काय देशील, बाय? घर मळंल तुजं."

टोपलीत खारफुटीची, म्हणजे तिवरांची, कोवळी रोपं होती, मुळांभोवती चिखलाचा गोळा नीट जपलेली. ती आम्हीच लावलेली.

'किनारा हरित समिती' नावाची आमची एक हौशी समिती होती. नवापूरच्या बाजूची खाडीची एक पट्टी राखायला घेतलेली. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून जागा निवडायचं आणि दिवस ठरवायचं काम माझ्याकडे आलं. पाऊस सरल्यावर एका रविवारी आम्ही पाचशे रोपं लावली. फलकही मीच रंगवला होता : 'रोप उपटणाऱ्यास खाडीत बंदी.'

आणि ही गोदूबाई नवापूरची, साठीची, एकटी. लहानपणी परकर खोचून आईमागून चिखलात उतरली ती अजून उतरत होती. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, काढायच्या आणि बोईसरच्या बाजारात विकायच्या, एवढंच तिचं जगणं. खाडी बंद म्हणजे चूल बंद.

"मावशी, का उपटलीत?"

"उपटली कुटं? हलवली. तुमी लावली त्या दिशी अष्टमी व्हती. अष्टमीला पाणी वर चढतच नाय. तुमाला वाटलं, जागा उघडी हाय. आता पुनवेच्या उधाणाला बघ, शेंड्यावरनं पाणी जातंय. पोर बुडत असंल तर उचलायचं का फळा वाचायचा?"

तिवराची मुळं चिखलाबाहेर डोकं काढून श्वास घेतात, याची आकृती कॉलेजच्या वहीत मी किती सुबक काढली होती! पण दिवस ठरवताना कॅलेंडरातला लाल आकडा तेवढा पाहिला. त्याखाली बारीक अक्षरात तिथी असते, हे लक्षातच आलं नाही.

"ते सगळं उद्या वामन मास्तरांना सांग," आत्माराम म्हणाला. वामन मास्तर म्हणजे आमचे अध्यक्ष. "नियम तो नियम."

संध्याकाळी ओहोटीला मी तिच्याबरोबर खाडीत गेले. ती बदकासारखी सरसर पुढे, मी प्रत्येक पावलाला रुतत मागे.

"शिकलेला पाय, जड असायचाच," ती न वळताच म्हणाली.

त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते इतक्या वर्षांनीही जिभेवर आहे. जिभेवर म्हणते, कारण पहिल्यांदा तिने मला तिवराचं पान चाटायला लावलं. खारट! "जास्तीचं मीठ टाकून देतंय ते," ती म्हणाली. चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. मासा असून पाण्याबाहेर बसून आमच्याकडे डोळे वटारायच्या. एक नांगी भलीमोठी असलेले इवलेसे तांबडे खेकडे ती नांगी हलवत बिळाच्या तोंडाशी उभे. गोदूमावशीने एका बिळात लोखंडी आकडी घातली, मान कलती करून जरा कानोसा घेतल्यासारखं केलं आणि चिंबोरी बाहेर ओढली. उलटी करून पाहिली. पोटाखाली अंड्यांचा पुंजका होता. तिने ती अलगद परत बिळाशी सोडली.

"बाळंतपणाला आलीय. हिला कशी न्यायची?"

मग तिने हलवलेली रोपं दाखवली. वरच्या अंगाला, मोठ्या तिवरांच्या सावलीलगत, दोनेकशे तरी असतील. प्रत्येकाला पानांची नवी जोडी. खालच्या चिखलातली आमची उरलेली रोपं शेंड्याला काळी पडली होती, काड्यांवर कालवांचे शिंपले चिकटले होते. आणि त्या रोपांपलीकडे, पाण्याच्या कडेला, राखाडी पक्ष्यांचा थवाच्या थवा. लांब वाकडी चोच चिखलात पार मुळापर्यंत खुपसत होते.

"पावणे हायत. थंडीला येतात, शिमग्यानंतर जातात. मी पोर व्हते तवापासनं ह्याच चिखलात जेवतात."

आम्ही तशाच उभ्या राहिलो. एवढ्या पक्ष्यांच्या चोचींचा चिखलात होणारा बारीक आवाज मी त्यानंतर कधी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत समिती बसली. वामन मास्तरांनी चष्मा पुसून गोदूबाईकडे पाहिलं. "रोपं काढलीत, हे खरं ना, बाई?"

"खरं."

मी उठले. "मास्तर, जागा मी निवडली होती आणि दिवसही. दोन्ही चुकले. बंदी घालायची तर माझ्यावर घाला."

मास्तर आत्मारामकडे वळले. "किती जगलीत रे?"

आत्माराम खोटं बोलणारा नव्हता. "आपली खालची गेल्यातच जमा. हिची सगळी जगलीत."

"मग हिला धरलंस कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, दिसेल त्याला धर!"

पडवीभर हसू फुटलं. मास्तरही हसले. गोदूबाईवर बंदी नाही, त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "समितीने तुमचा सत्कार करावा म्हणतो. शाल, नारळ..."

"शाल घेऊन चिखलात कुटं जाऊ?"

"मग तुम्हाला काय हवं, ते तरी सांगा."

तिने पदराने तोंड पुसलं. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला.

"खालचा चिखल उघडा राहू द्या. तिथं काय लावू नका. पावण्यांचं ताट हाय ते."